अण्णाचे ब्रो

‘ब्रो’चा अर्थ मला आमच्या थोरल्या भावानं, अण्णानंच सांगितला, बरं का. नौबादला त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक त्याचा ब्रो.

मी विचारलं, "अण्णा, हे ब्रो म्हंजे काय?"

"इंग्रजीत भावाला ब्रदर म्हणत्यात. त्याला कापून ब्रो केलंय."

"मग मला कामून म्हणत न्हाईस?"

"येड्या, तुला कशाला कापू?"

गेल्या महिन्यात अण्णा वारला. काल त्याचा फोन वाजला, मी उचलला.

"ब्रो, दुकान कवा उघडायलास?"

माझा आवाज अण्णासारखाच आहे. खरं सांगायचं सोडून मी म्हणालो, "उद्या, ब्रो."

अण्णाच बोलल्यासारखं वाटलं.

"बरं, ठेवतो," गिऱ्हाईक म्हणालं.

मी ओरडलो, "ठेवू नको रे! अजून काय तरी विचार."