मापांसकट फोटो

हॅलो?… हां ताई, बोल. थांब, मशीन बंद करते… हं, आता बोल.

अगं, कुठली दुसरी मुलगी? दुकानाच्या ऑनलाइन पानावरून तुझ्या चिमणीचे फ्रॉकमधले फोटो मीच काढून टाकलेत, हो… पण तिच्या जागी कोणालाही नाही घेतलंय. रुसून गेली शाळेत? डबासुद्धा नाही नेला?… अगं ऐक ना. आधी ऐकून तर घे!

हो, हो, माहितेय हजारो लोक बघत होते. मीच नाचत होते ना तुझ्यासमोर, नशीब उघडलं म्हणून. पण फ्रॉकची ऑर्डर आली एक तरी?… मग? तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकायला हवी होती.

काल एक बाई आली होती, जॅकेटची चेन बदलायला. ती कुठल्याशा कंपनीत इंटरनेटवरची घाण हुडकून काढायचं काम करते. सहज आपलं पान बघितलं तिनं, आणि चेहराच उतरला तिचा…

कसं सांगू गं? काही माणसं लहान मुलांचे फोटो शोधत असतात. वाईट नजरेनं… हो, तसलीच. सरळ शब्द टाकले की अडवलं जातं, म्हणून मेल्यांनी आपसात साधेसुधे शब्द ठरवून घेतलेत. अडवणाऱ्या यंत्राला वाटतं, कपडेच शोधतायत. आणि त्यातलाच एक शब्द मी प्रत्येक फ्रॉकच्या फोटोखाली टाकलेला!… दुसऱ्या एका दुकानाचं बघून, अजून काय? त्यांना खूप लोक बघतात असं दिसलं, उचलला मी.

नाही, कुठला ते नाही सांगत. तू लगेच शोधायला जाशील.

आणि खाली काय लिहायचे मी, आठवतंय? गिऱ्हाइकाला साइज कळावा म्हणून? वय सात, उंची, छाती, कंबर… आपल्या पोरीची मापं, ताई! माझ्या हातानं टेप लावून घेतलेली. किळस आलीय मला स्वतःची.

काढून टाकले गं, सगळे फोटो काढून टाकले. पण ज्यांनी आधीच उतरवून घेतले असतील, त्यांचं काय करू?…

काय? कुठल्या आजी?

माझ्या पानावर कौतुक करायच्या त्या?… तुझ्याशी बोलतात? वेगळा मेसेज करून? आणि हे तू मला आत्ता सांगतेस?… बरं, बरं. काय विचारतात?

गणवेशातला फोटो. आणि तू पाठवलास. खिशावर शाळेचं नाव असतं गं!

ताई, त्या आजी आहेत हे तुला कोणी सांगितलं?… अगं, पांढऱ्या केसांचा फोटो कोणीही लावील!

बाहुली द्यायचीय? मग घरी पाठवा म्हणायचं ना… शाळेत? शाळा सुटायची वेळ कशाला सांगितलीस गं!… कधी येणार म्हणाल्या?

आज?

नाही, रडू नकोस. तुझी चूक की माझी, नंतर बघू. मेसेज खोडू नकोस, पोलिसांना दाखवायचेत. मी जवळ आहे, निघालेच… मरू दे दुकान, राहू दे उघडं! तू शाळेत फोन लाव. म्हणावं, मावशी आल्याशिवाय पोरीला फाटकाबाहेर सोडू नका. कोणीही येऊ दे, काहीही सांगू दे…

अगं, माझ्याशी काय बोलत बसलीस? ठेव. ताई, ठेव ना गं फोन!