साहेबबाबाच्या ताटातली सुकट

माझा जन्म घोडबंदरचा, खाडीकाठचा, मीठ पिकवणाऱ्या घरातला. बाप मिठागरात, आजा मिठागरात, आणि मी मिठागरात असून नसल्यासारखा, कारण मना हातापेक्षा तोंड चालवायची हौस. म्हणून घरानं मना साहेबबाबाचा पुजारी केला, तिथं बसून बडबड केली तरी पीक बुडत न्हाय ना! साहेबबाबा म्हणजे आमच्या बांधावर चिंचेखाली शेंदरानं फुगलेला दगड. खाली गोरा लाटसाहेब पुरलाय, एवढंच आजा सांगायचा. मीठ काढायच्या आधी त्याला ताट वाढायचं, तांदळाची भाकरी, सुकट, ताडी आणि वर एक पेटवलेली विडी. बाकीचं चरित्र सगळं माझं. पांढरा घोडा मी दिला, मिशा मी लावल्या. कोणी विचारलं, दगड एवढा आखूड कसा रे, तर सांगायचो, लाट माणूस तो, आडवा कशाला होईल, खुर्चीत बसवून पुरलाय. लोक माना डोलवायचे. काय सांगू तुम्हाला, सांगून सांगून मनाच ते खरं वाटायला लागलं.

पण घरात हसू नव्हतं. माझी बायको हिरा, तिची दोन बाळं बारशाच्या आधीच गेली. लहानग्यांना आमच्यात जाळत न्हाईत, पुरतात, तशी ती दोघं पलीकडच्या बांधाला पुरली, आणि हिरा येता-जाता तिथं क्षणभर थांबायची. सत्तर साल लागलं तेव्हा तिला पुन्हा दिवस होते, आठवा महिना. आईनं साहेबबाबाला नवस बोलून शेंदराचा नवा जाड लेप दिला, आणि मी शहाण्यानं जाहीर केलं की बाबा स्वप्नात आला, म्हणाला, सांभाळतो. आला होता की मी सुकट जास्त खाल्ली होती, कोण जाणे, पण हिरा त्या दिवसापासून पोटभर जेवायला लागली.

तेवढ्यात टॅक्सीतून एक म्हातारी गोरी मॅडम आली. ड्रायव्हर रत्नागिरीकडचा, तोच तिचं बोलणं मराठीत सांगत होता. तिच्या हातात एक रंगवलेलं चित्र, त्यात आमची खाडी, टेकडीवरचा किल्ला, चिंचेचं रोपटं आणि खाली दगड. मी म्हटलं, हा तर आमचा साहेबबाबा! आणि सुरू झालो, पांढरा घोडा, मिशा, खुर्ची. ड्रायव्हर थोडा वेळ ऐकून म्हणाला, ओ काका, दम घ्या, त्या म्हणतायत की त्यांचा पणजोबा तिकडे स्कॉटलंडात आपल्या वाड्यातच मेला. इथं त्या त्याची मुलगी शोधतायत.

मग त्यानं जे सांगितलं ते ऐकून माझं तोंड आयुष्यात पहिल्यांदा बंद पडलं. पणजोबा खरंच लाट होता, तलाव, मेंढरं, डोंगर नावावर. इथं नोकरीला आला. बायको आजारी पडली म्हणून धाकटीला घेऊन मायदेशी गेली, थोरलीला बापानं हट्टानं ठेवून घेतलं. एकदा आमच्या खाडीवर शिकारीला आला तेव्हा होडीतून तिलाही आणली, आणि इथंच तापात ती गेली. परत गेल्यावर बायकोनं विचारलं, कुठं ठेवलीस माझी पोर? ते त्यानं कधीच सांगितलं न्हाय. मरेपर्यंत दोघं एका टेबलाच्या दोन टोकांना जेवली, बोलली न्हाईत. आई मात्र पोरीच्या वाढदिवसाला तिचं ताट मांडायची. त्यानं गुपचूप काढलेलं हे चित्र एका तसबिरीच्या मागं आता सापडलं. मॅडम त्या धाकटीची नात.

खात्री करायची तर शेंदूर काढायला हवा. आई दगडाला पाठ लावून उभी राहिली. न्हाय, देवाची शेंदराची खोळ आपली आपण गळते, कोणी खरवडत न्हाय, आणि ही पोटुशी असताना? आधीची दोन गेली ती पुरी न्हाय झाली का रं तुला? मी मॅडमकडं बघू की हिराच्या पोटाकडं? ड्रायव्हर म्हणाला, काका, राहू दे, आम्ही निघतो.

तेव्हा हिरा आईला म्हणाली. आत्या, माझी दोन कुठं हायेत ते मना ठाव हाय. त्या गोऱ्या पोरीच्या माउलीला तेवढंपन न्हाय मिळालं. खरवडा.

आई घरात गेली आणि तेलाची वाटी घेऊन आली. तेल मुरवून करवंटीनं मी शेंदूर हळूहळू खरवडला. एकेक पदर निघत होता. खाली अक्षरं आली. ड्रायव्हरनं वाचलं, इसाबेल, वय वर्षं सहा.

मॅडम खाली मातीतच बसली. आणि मना काय आठवावं? विडी! पिढ्यानपिढ्या आम्ही सहा वर्षांच्या पोरीला विडी आणि ताडी पाजली! तोंडातून निघून गेलं, ड्रायव्हरनं सांगूनपण टाकलं. मना वाटलं, आता ही मारणार. ती रडता रडता हसली, म्हणाली, म्हणजे ताट इथंही वाढत होते तर.

पुढचे दिवस कसे गेले ते विचारू नका. हिरा कण्हली की आई माझ्याकडं बघायची. बाळ झालं तेही एवढंसं, निळसर, रडेना. सुईणीनं पाठीवर थापट्या मारल्या तेव्हा कुठं रडलं. मुलगी. जगली.

आता शाळेत जाते, तोंड माझ्यावर गेलंय. मिठागरं बुजवायला माणसं जमीन मोजायची टेप घेऊन फिरतायत, चिंच राहते की जाते कोण जाणे. तोवर ताट चालू हाय, दूध, बत्तासे, काचेच्या बांगड्या. आईच आणते. शेंदूर न्हाय लावत, नुसतं कुंकवाचं बोट. बत्तासे आमची पोरगीच पळवते, आई ओरडत न्हाय, म्हणते, दोघी वाटून खातात. तुम्हीपण जाताना हात जोडून जा, तुमच्या लेकराबाळांना ती सांभाळेल. फक्त तिथं विडी ओढू नका, पोर हाय.