टाकीचा पंप

जनरेटरचं नाव काढू नका माझ्यासमोर. मनवेलपाड्यात दिवसभर लाईट नव्हती, म्हणून बाबांच्या ऑक्सिजन मशीनसाठी मंडपवाल्याकडून जनरेटर आणला. त्याला म्हटलं, "मशीन नाजूक आहे." तो म्हणाला, "अहो, यावर अख्खा डीजे वाजतो."

मशीन चाललंही. मग वरच्या काकू आल्या. "दहा मिनिटं टाकीचा पंप लावू? बिल्डिंगमध्ये थेंब नाही." मी नको म्हणणार, तर बाबाच म्हणाले, "लाव रे. शेजारी आहेत."

टाकी भरल्यावर पंप बंद केला, तसं एकदम व्होल्टेज वाढलं आणि मशीन जळालं.

हॉस्पिटलला न्यायला बाबांना खुर्चीत बसवून जिन्यावरून उतरवत होतो. श्वास पुरत नव्हता, तरी विचारतात, "पाणी आलं का सगळ्यांना?"

"आलं," म्हटलं. आमचं शेवटचं बोलणं ते.