सदाशिवभाऊंनी सांगितलेली रिंग

पंपाची गोष्ट निघाली की मला अजून सदाशिवभाऊ मिस्त्रीच आठवतात. पंचावन्न-छप्पन्न साल असेल. मी वडशाजवळच्या जंगलातल्या रस्त्यावर बुलडोझर चालवायचो. पातं उचलणारा तेलाचा पंप दमला, म्हणून त्याच्या गिअरांना लागून असलेली झिजलेली पितळी प्लेट मी स्वतःच बदलली. नवी प्लेट बसवूनही पातं जागचं हलेना. रस्त्याच्या कामावरचे साहेब म्हणाले, "संध्याकाळपर्यंत मशीन चालू झाली नाही, तर तू घरी."

वडशाहून सदाशिवभाऊ सायकलवर आले. पंप उघडला, माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "प्लेटची खाच गिअरांकडं पाह्यजे होती रे. तू प्लेट उलटी लावली, तेलाले दाब कुठून येईन?"

त्यांनी प्लेट फिरवून पंप पुन्हा जोडला. पातं सरसर वर गेलं. मला रडूच यायचं बाकी होतं.

"काय बिघडलं होतं?" साहेबांनी विचारलं.

"तेल अडवणारी रबरी रिंग फाटली होती, साहेब," भाऊ म्हणाले.

साहेब गेल्यावर मी विचारलं, "भाऊ, खोटं काऊन बोलले?"

हात पुसत ते म्हणाले, "मी पह्यल्यांदा प्लेट उलटी लावली, तवा माह्या उस्तादानं बी साहेबाले रिंगच सांगतली होती."