आरशातला तीळ

फ्रेमच्या दुकानात बाळाला खांद्यावर थोपटत मी थांबले होते. पुढे बहीण-भाऊ होते आणि काउंटरवर त्यांच्या दिवंगत वडिलांनी काढलेलं स्वतःचंच तैलचित्र.

"हे बाबांनी काढलेलं नाही."

"ताई, हळू बोल."

"का? पकडला गेलास म्हणून? मूळ चित्र कुणाच्या घशात घातलंस?"

"काहीतरीच! मागे त्यांची सही बघ."

"सही मलाही करता येते. तीळ बघ. बाबांनी आरशात बघून काढलं, म्हणून चित्रात तो डाव्या गालावर आला होता. उजवीकडे कसा सरकला?"

"त्यांचा तीळ उजवीकडेच होता ना?"

"त्यांचा. चित्रातला नाही. आणि रंगाला अजून तेलाचा वास येतोय."

"आई रोज ओल्या फडक्यानं पुसायची गं. गाल पार उडाले होते. मी आठवून आठवून रंगवले."

"तू? शाळेत माणूस काढलास की नाकाचा बटाटा व्हायचा तुझ्या!"

"म्हणूनच नाकाला हात लावला नाही."

"आईला माहितीये?"

"पहिल्याच दिवशी ओळखलं. म्हणाली, राहू दे, समोर बसले की असेच दिसायचे."

ताईनं चित्रातल्या तिळावरून हळूच बोट फिरवलं.

"वर काच बसवू का?" दुकानदारानं विचारलं.

"बसवा," भाऊ म्हणाला, "म्हणजे रंग तरी टिकेल."

"नको हो," ताई म्हणाली. "मग आई हात कुठे फिरवणार?"