बगळ्याचा कोट

नाही, कोट नाही असं मी म्हटलंच नाही, मी म्हटलं बसा जरा — ते स्टूल घ्या, त्यावरची चादर सरकवा, धुतलेलीच आहे — पावती बघतो ना मी, बघतोय. आकडे येतात मला, अक्षरांशीच काय ते जमलं नाही. पाचवीत मास्तरांनी कान पिळला आणि मी खिडकीतून उडी मारून निघालो तो थेट इथे, या इस्त्रीच्या टेबलाखाली. ताईने हाकललं नाही. म्हणाली, "बरं झालं, लाँड्रीला दोन हात वाढले." म्हणून तर पावतीवर चित्रं. तुम्हाला काय वाटलं, नक्षी आहे? प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक चित्र, तेच कपड्याच्या चिठ्ठीवर, म्हणजे मला सापडायला सोपं. समोरच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणजे घुबड. बँकेतले साहेब म्हणजे किटली, बोलताना सारखी वाफ सोडतात. आणि तुमचा — हा बघा, बगळा. रागावू नका मॅडम, तुम्ही कोट टाकायला आलात तेव्हा नवी सँडल चावत होती म्हणून एका पायावर उभ्या होतात ना, तर ताईने तेवढंच टिपलं. तुम्ही गेल्यावर ती पण एका पायावर उभी राहून मला पावती फाडून दाखवत होती. हसून हसून बादलीत बसली.

ताई म्हणजे तीच हो, जाडी, डोक्याला पिवळा रुमाल. माझी थोरली बहीण. आई गेली तेव्हा ही अठराची, दादा दहाचा आणि मी दीड वर्षाचा. सगळ्यांना वाटायचं ती माझी आई, आणि तीही कधी नाही म्हणायची नाही — वर सांगायची, "हा मला कपड्यांच्या गाठोड्यात सापडला, वर्षभर कोणी न्यायला आलं नाही म्हणून ठेवून घेतला."

गेली ती. अकरा दिवस झाले. असू द्या, असू द्या, तोंड पाडू नका. आज अकरा दिवस जो येतो तो तोंड पाडून येतो आणि म्हणतो, फार सोसलं बिचारीने. कोण बिचारी? ती बिचारी? तिने आयुष्यभर जेवढी मजा केली तेवढी या अख्ख्या रस्त्याने मिळून केली नसेल! आज सोमवार, दुकान बंद असतं, म्हणून शटर अर्धं खाली, तुम्ही वाकून आलात — तर दर सोमवारी याच शटरामागे आमचा कार्यक्रम असायचा. ती वरची दांडी दिसते? तिथे कोणी न नेलेले कपडे. नियम तिचाच: कपडा एक वर्ष गिऱ्हाइकाचा, मग आपला. एक दिवस आधी नाही. मग सोमवारी वर्ष उलटलेले कपडे काढायचे आणि घरातल्या सगळ्यांनी घालायचे. दादा वकिलाच्या काळ्या डगल्यात, वहिनी बँडवाल्याच्या लाल कोटात, त्यांची पोर कुणाच्या तरी टोपीत बुडालेली. ताई पाणी मारायची बाटली तोंडापुढे धरून एकेकाचं नाव पुकारायची आणि मग स्वतः निघायची. एकदा तर नवरदेवाचा सूट घालून कोपऱ्यापर्यंत चालत गेली. चौकातल्या पोलिसाने सलाम ठोकला तिला! ओळखलं नव्हतं हो, साहेब समजला. परत आली तर आमच्यावर ओरडते, "उभे राहा सगळे, साहेब आलेत."

आणि ती गेली त्या दिवशी आत्या येऊन म्हणते, आता तिच्या अंगावर साधी पांढरी चादर घाला, शोभेल असं काहीतरी. शोभेल! दादापण मान डोलवतो. थोरला झाला ना आता, मान डोलवायला शिकलाय. मी म्हटलं, चादरी ती रोज पन्नास इस्त्री करायची, एक दिवस तरी तिला चादर दाखवू नका. आत्या म्हणाली, "तुला अक्कल नाही." नाहीच आहे. मी टेबलावर चढलो आणि —

काय? हो, कोट. तुमचा कोट, बाटलीसारखा हिरवा, आतून रेशमी अस्तर. अहो सांगतोय ना. तो कोट आला त्या दिवसापासून ताईचा त्याच्यावर डोळा. पण हात लावायची नाही. वर्ष व्हायचंय म्हणायची. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तुमच्या तारखेला बगळा काढून ठेवलाय, तो बघा, पुढच्या मंगळवारी. मी म्हणायचो, घाल की, कोण बघतंय? तर म्हणायची, "मग तो चोरीचा झाला, वेड्या. मजा जाते सगळी."

मागल्या — तिच्या शेवटच्या सोमवारी तिने तो काढला. घातला नाही. नुसता अंगापुढे धरला, त्या आरशासमोर, आणि कमरेला झोका देऊन म्हणाली, "तीन आठवडे राहिले रे. मग बघ." आणि तेव्हा माझे दोन मित्र शटरखालून डोकावून फिदीफिदी हसत होते. माझं डोकंच फिरलं. मी म्हणालो — जाऊ दे. नाही, म्हणालो. "वय बघ जरा. जोकर दिसतेस." असं म्हणालो. ती हसली. ती कशालाही हसायची, त्यामुळे मला कळलंच नाही. कोट परत टांगला, चिठ्ठी सरळ केली आणि पोरीची टोपी शोधायला लागली. आणि गुरुवारी दुपारी या टेबलापाशीच खाली बसली ती बसलीच. पडायच्या आधी इस्त्री उभी करून ठेवली तिने, मॅडम. डॉक्टरांचा शर्ट होता खाली. एक डाग नाही पडला.

तर मी टेबलावर चढलो आणि कोट काढला. झालं? ऐकलंत? एकोणीस दिवस आधी. तिचा नियम मी मोडला, तिने नाही, तिला काही बोलायचं नाही. आत्या रडायची थांबून बघतच राहिली. दादा म्हणाला, "गिऱ्हाइकाचा आहे तो!" मी म्हटलं, येऊ दे गिऱ्हाईक, मी बघतो. आलात तुम्ही. बघतोय मी. तुमचा कोट तिच्याबरोबर गेला. ओरडायचं तर ओरडा, दादाला भेटायचं तर संध्याकाळी या, पण मी माफी मागणार नाही. साडेअकरा महिने तुम्हाला त्याची आठवण आली नाही! आणि ती कशी दिसत होती माहीत आहे? राणी. जोकर नाही. राणी दिसत होती.

फक्त एक चूक झाली. मोठी बटणं आम्ही धुवायच्या आधी उसवून ठेवतो, मशीनमध्ये फुटतात. न्यायला आलं की गिऱ्हाइकासमोर बसवून द्यायची, ताईची पद्धत. घाईत माझ्या लक्षातच आलं नाही. समोरून उघडाच राहिला तर सेफ्टी पिना लावल्या मी. सहा. तिला सेफ्टी पिना बघवायच्या नाहीत, म्हणायची पिन लावणारा आळशी. आणि मी तिला पिना लावून — सुई होती हो खिशात माझ्या. खिशातच होती.

हे पाकीट. वर बगळा आहे, तुमचंच. सहाही बटणं आहेत, बघून घ्या. घ्या ना. नको म्हणजे? परत का सरकवता? दया नको मला. अजून आठ दिवस ती तुमची आहेत, नियम आहे. आठ दिवस ठेवतो मी, दांडीवर टांगून. नाही आलात, तर आमची. तोवर हात लावणार नाही.

आता जा तुम्ही. जा. पाय का उचलताय, अजून चावते का सँडल? — वाकून जा, शटर लागेल डोक्याला.