सीमेपलीकडचं डिझेल

दि. १७ फेब्रुवारी २०२५

मी सोमलिंग वीरप्पा कोरे, वय ४८ वर्षे, धंदा शेती व स्वतःचा पिकअप भाड्यानं चालवणं, रा. अणदूर, ता. तुळजापूर, जि. धाराशिव. विचारल्यावरून, कोणाच्या दबावाशिवाय ठाण्यात समक्ष सांगतो की, मी वरील ठिकाणी राहतो. काल मयत झालेली शरणम्मा, वय ४३, ही माझी पत्नी.

काल रविवारी सकाळी साडेनऊला आम्ही दोघं पिकअपनं बसवकल्याणकडं निघालो. मेहुणा महांतप्पा याच्या नातवाचं बारसं होतं. उमरग्याला डिझेलचा काटा लाल पट्टीखाली गेला. पत्नी म्हणाली, "अहो, इथंच टाका की थोडं." मी म्हणालो, "गप बैस. गाडी मला ठाव हाय."

आमच्या भागातला माणूस कर्नाटकात चालला की इकडं डिझेल टाकत नाही. पलीकडं स्वस्त मिळतं. गाडी कशीबशी सीमेपार न्यायची अन् तिकडं टाकी फुल करायची, ह्यात आम्ही हुशारी समजतो. चौदा वर्षं माझा अंदाज चुकला नव्हता.

तुरोरीच्या पुढं अंदाजे पावणेअकराला गाडी बंद पडली. बाजूला कठडा असल्यानं लेनमध्येच राहिली. दोघांनी ढकलून बघितली, हलली नाही. मी बाभळीची फांदी तोडून दहा पावलांवर मागं टाकली. धोक्याचा त्रिकोण सीटखाली होता, त्याचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. तो लावायचं सुचलं नाही. पत्नीनं ओटीसाठी घेतलेला लाल खण पिशवीतून काढला, म्हणाली, "मी हलवत उभी ऱ्हाते, तुमी जावा." मी कॅन घेऊन चालत पंपावर गेलो.

अकरा वाजून दहा मिनिटांनी तिचा फोन आला. "लवकर या, गाड्या लई जोरात येतेत, मला भ्या वाटाया लागलंय." मी म्हणालो, "आलोच, वाटंतच हाय."

परत आलो तेव्हा गर्दी होती. पुढची बस बाजूला झाल्यावर मागच्या ट्रकला एकदम पिकअप दिसला अन् त्याची धडक पिकअपला व पत्नीला बसली, असं लोकांनी सांगितलं. ट्रकचालक महालिंगप्पा यानंच तिला उचलून दवाखान्यात नेलं होतं. ती वाटेतच गेली. त्याच्यावर माझी तक्रार नाही.

डिझेल संपणं हा गुन्हा नसला तरी दुसऱ्याला धोका होईल अशी गाडी रस्त्यात सोडून जाणं गुन्हा आहे, हे साहेबांनी मला समजावलं. महांतप्पा बाहेर म्हणाला, "दाजी, गाडी बिघडली म्हणा. न्हायतर विमा बी जाईल अन् केस तुमच्यावरच उलटंल." तो माझ्या भल्यासाठीच बोलत होता, रडत होता. पण गाडीत काही बिघाड नव्हता. डिझेल माझ्या आडमुठेपणानं संपलं. ट्रकवाल्याच्या माथी मी हे मारणार नाही.

जबाब वाचून दाखवल्यावर काही राहिलं का, असं हवालदारांनी विचारलं. म्हणून पुढचं सांगून लिहवून घेतलं. तिचा फोन आला तेव्हा मी वाटेत नव्हतो. कॅन भरून झाला होता. पंपासमोरच्या टपरीवर मी बसून चहा पीत होतो. फोन ठेवल्यावरसुद्धा कप संपवूनच उठलो.

एवढं जोडून जबाब मला मराठीत पुन्हा वाचून दाखवला. तो मी सांगितला तसाच आहे.

समक्ष सही